शेतातील खनिजे : त्यांची घडण, ओळख व उपयोग

शेतात नांगराच्या फाळाला किंवा विहिरीच्या खोदाईत पांढरे खडे पुष्कळदा लागतात. त्यांतील एखादा गारगोटीचा असतो, एखादा चुनखडीचा असतो, तर एखादा खडकाच्या पोकळीत वाढलेला झिओलाइटाचा सुबक स्फटिक असतो. बाजारातून आणलेल्या जिप्समाची पूडही पांढरीच असते. डोळ्यांना हे सर्व पदार्थ जवळजवळ सारखे दिसतात; जमिनीवर व पिकावर मात्र त्यांचे परिणाम अगदी भिन्न होतात. गारगोटी जमिनीला काही देत नाही व तिचे काही बिघडवीतही नाही. चुनखडी कोकणातील आंबट जमिनीला उपकारक ठरते, तर विदर्भातील संत्र्याच्या बागेला ती घातक होऊ शकते. जिप्सम चोपण जमीन सुधारते, पण तेथेच चुनखडीची पूड टाकल्यास खर्च वाया जातो. यासाठी खनिजांची प्राथमिक ओळख शेतकऱ्यास व ग्रामकार्यकर्त्यास असणे अगत्याचे आहे. ही ओळख करून घेण्यास मोठी उपकरणे लागत नाहीत. नख, तांब्याचे नाणे, चाकू, कानस, लिंबू व थोडे सौम्य आम्ल एवढे साहित्य पुरते.

खनिज म्हणजे काय?

निसर्गात आपोआप तयार झालेला, निर्जीव, घनरूप, ठराविक रासायनिक घटना असलेला आणि ज्याचे अणू एका निश्चित रचनेत मांडलेले आहेत असा पदार्थ म्हणजे खनिज होय. या व्याख्येतील प्रत्येक अट महत्त्वाची आहे. भट्टीत तयार झालेली काच कठीण असली तरी ती निसर्गनिर्मित नाही व तिच्यातील अणूंची मांडणी नियमबद्ध नाही. म्हणून ती खनिज नव्हे. दगडी कोळसा खाणीतून निघतो, परंतु तो वनस्पतींच्या अवशेषांपासून बनलेला असून त्याची घटना ठराविक नसते. म्हणून व्यवहारात त्याला खनिज म्हटले तरी शास्त्राच्या दृष्टीने ते खरे खनिज नव्हे. समुद्राचे पाणी आटल्यावर उरणारे मीठ हे मात्र खरे खनिज आहे. ते नेहमी सोडियम व क्लोरीन यांचेच बनलेले असते व त्याचे कण चौकोनी घडणीचे असतात.

खनिज व खडक यांतील भेदही ध्यानात ठेवावा. एक किंवा अनेक खनिजे एकत्र येऊन खडक बनतो. चिवड्यात पोहे, दाणे व डाळे वेगवेगळे दिसतात, त्याप्रमाणे ग्रॅनाइटाच्या दगडात क्वार्ट्‌झ, फेल्स्पार व अभ्रक ही खनिजे निरनिराळी दिसतात. महाराष्ट्रातील काळ्या पाषाणातही अनेक खनिजे असतात, पण त्यांचे कण इतके बारीक असतात की ते साध्या डोळ्यांनी ओळखता येत नाहीत.

पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे ४६ टक्के ऑक्सिजन व २८ टक्के सिलिकॉन आहे. त्यांच्या खालोखाल ॲल्युमिनियम, लोह, कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम व मॅग्नेशियम यांचा क्रम लागतो. या आठ मूलद्रव्यांनीच कवचाचा सुमारे ९८ टक्के भाग व्यापला आहे. जगात आजवर सुमारे सहा हजार खनिजे ओळखली गेली आहेत; तथापि शेतात वारंवार भेटणारी खनिजे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतात.

खनिजे कशी बनतात?

खनिजे बनण्याचे मुख्य प्रकार पाच आहेत.

१. शिलारस थंड होऊन : भूपृष्ठाखालील वितळलेला शिलारस निवू लागला की त्यातून खनिजांचे स्फटिक घट्ट होऊ लागतात. रस सावकाश निवाला तर स्फटिक मोठे होतात व भराभर निवाला तर ते बारीक राहतात. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग ज्या काळ्या पाषाणाने व्यापला आहे, तो बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठावर वाहून आलेल्या लाव्हाचा बनलेला आहे. लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणारे पायऱ्यांसारखे टप्पे हे त्या थरांचेच होत. लाव्हा उघड्यावर लवकर निवाल्यामुळे त्यातील फेल्स्पार, ऑजाइट व मॅग्नेटाइट या खनिजांचे कण बारीक राहिले.

२. पोकळ्यांत द्रावण साचून : लाव्हातील वायू बाहेर पडताना खडकात बुडबुड्यांच्या आकाराच्या पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत खनिजयुक्त गरम पाणी मुरले व त्यातून गारगोटी, अकीक, कॅल्साइट, स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, ॲपोफिलाइट इत्यादी खनिजांचे थर व स्फटिक जमले. विहीर खोदताना काळ्या दगडात पांढरे किंवा हिरवट ठिपके असलेला जो थर लागतो, तो या भरलेल्या पोकळ्यांचाच असतो.

३. पाणी आटून : पाण्यात विरघळलेली लवणे पाणी आटल्यावर मागे राहतात. मिठागरातील मीठ असेच तयार होते. बुलडाणा जिल्ह्यातील लोणारच्या सरोवरातून पाण्यास बाहेर पडण्यास वाट नाही. पाणी बाष्परूपाने जाते व सोड्याची लवणे मागे राहतात. राजस्थानातील बिकानेर, नागौर इत्यादी भागांतील जिप्समाचे साठेही खारे पाणी आटून झालेले आहेत. कोरड्या हवेच्या प्रदेशात शेतजमिनीच्या पोटात चुनखडीचे खडे बनतात ते अशाच रीतीने. पावसाचे पाणी चुना विरघळवून खाली नेते. पण पाऊस अपुरा असल्याने ते पाणी फार खोल जात नाही. ते जेथे आटते तेथेच चुना खड्यांच्या रूपाने साचतो.

४. खडक कुजून : ऊन, पाऊस, हवा व मुळे यांच्या कार्याने खडकातील मूळ खनिजे बदलतात व त्यांपासून नवी खनिजे होतात. बेसाल्टातील फेल्स्पार व ऑजाइट यांच्यापासून मध्यम पावसाच्या प्रदेशात फुगणारी चिकण खनिजे बनतात. त्यांच्यामुळेच काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. कोकणासारख्या अतिपावसाच्या प्रदेशात चुना, मॅग्नेशियम, सोडियम व पोटॅशियम हे भाग वाहून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे उरतात. जांभा दगड हा त्याच क्रियेचा परिणाम होय. कोल्हापूर व रायगड या जिल्ह्यांतील बॉक्साइटही याच प्रकारे तयार झाले आहे.

५. उष्णता व दाब यांमुळे : जुने खडक भूगर्भात दडपले जाऊन तापले की त्यांतील खनिजांची फेरमांडणी होते. नागपूर व भंडारा जिल्ह्यांतील मँगॅनिजाची खनिजे, तसेच भंडारा भागातील कायनाइट व सिलिमनाइट ही अशा रूपांतरित खडकांत सापडतात.

मूळ खडक व पिकांचे अन्न

वरील विवेचनावरून एक गोष्ट ध्यानात येईल की, जमीन ही खडकाचीच लेक आहे. पण हवापाण्याप्रमाणे तिचा स्वभाव बदलतो. एकाच काळ्या पाषाणापासून मराठवाड्यात चुनायुक्त काळी जमीन झाली व रत्नागिरीत चुना नसलेली तांबडी जमीन झाली.

पिकांना लागणारे कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, स्फुरद, लोह, जस्त इत्यादी अन्नद्रव्ये मुळात खनिजांतूनच येतात. नत्राची गोष्ट मात्र वेगळी आहे. ते हवेतून व सेंद्रिय पदार्थांतून जमिनीत येते; काळ्या पाषाणात त्याचा साठा नसतो. म्हणून जमीन कितीही खोल व कसदार असली तरी शेणखत, हिरवळीचे खत व द्विदल पिके यांची गरज संपत नाही.

तसेच एखादे द्रव्य जमिनीत असणे व ते पिकास मिळणे या दोन भिन्न बाबी आहेत. फेल्स्पारात पोटॅश असते, पण ते अत्यंत मंद गतीने सुटते. ॲपेटाइट या खनिजापासून बनलेला खनिज फॉस्फेटाचा दगड आंबट जमिनीत हळूहळू विरघळून पिकास लागू पडतो. चुनायुक्त काळ्या जमिनीत तो जवळजवळ तसाच पडून राहतो. म्हणून केवळ खनिजाचे नाव ऐकून खत खरेदी करू नये. ते आपल्या जमिनीत विरघळेल काय, हा प्रश्न प्रथम विचारावा.

खनिजे ओळखण्याच्या कसोट्या

कोणत्याही एका लक्षणावरून खनिजाची ओळख पक्की मानू नये. पुढील कसोट्या क्रमाने लावाव्यात व त्यांचा मेळ बसल्यावरच निर्णय करावा.

रंग : रंग प्रथम दिसतो, पण तोच सर्वांत फसवा असतो. गारगोटी पांढरी, गुलाबी, जांभळी किंवा धुरकट असू शकते. किंचित लोह मिसळले तरी पांढऱ्या खनिजास पिवळट छटा येते. पाहण्यापूर्वी खडा फोडून ताजा पृष्ठभाग पाहावा.

चकाकी : धातूसारखी, काचेसारखी, मोत्यासारखी, रेशमासारखी किंवा मातकट अशी चकाकी असते. गारगोटीची चकाकी काचेसारखी, तर स्टिल्बाइटाच्या पापुद्र्यांची मोत्यासारखी असते.

कस : झिलई नसलेल्या चिनी मातीच्या तुकड्यावर खनिज घासले असता जी रेघ उमटते तिला कस म्हणतात. कपाच्या बुडाची झिलई नसलेली कडा यासाठी चालते. खनिजाचा रंग बदलला तरी कस सहसा बदलत नाही. हेमॅटाइटाचा दगड काळा दिसला तरी त्याचा कस तांबूस निघतो. मॅग्नेटाइटाचा कस काळा असतो व त्याला लोहचुंबक ओढतो. पायराइट सोन्यासारखे पिवळे चमकते, पण त्याचा कस हिरवट काळा येतो. ओढ्याच्या वाळूत चमकणारे कण पुष्कळदा अभ्रकाचे असतात. ते नखाने सुटतात व पापुद्र्यासारखे वाकतात.

कठिनता : एका खनिजाने दुसऱ्यावर ओरखडा काढण्याच्या शक्तीवरून फ्रीड्रिख मोस या खनिजशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये दहा अंकांची श्रेणी ठरविली. ती अशी : १ शंखजिरे, २ जिप्सम, ३ कॅल्साइट, ४ फ्ल्युओराइट, ५ ॲपेटाइट, ६ ऑर्थोक्लेज फेल्स्पार, ७ क्वार्ट्‌झ, ८ पुष्कराज, ९ कुरुंद, १० हिरा. नखाची कठिनता सुमारे अडीच, तांब्याच्या जुन्या नाण्याची सुमारे तीन, चाकूच्या पात्याची व काचेची सुमारे साडेपाच आणि चांगल्या कानशीची सुमारे साडेसहा धरतात. म्हणजे ज्यावर नखाचा ओरखडा उठतो ते खनिज अत्यंत मऊ होय. ज्यावर नख चालत नाही पण चाकू सहज चालतो ते मध्यम होय. आणि जे काचेवर ओरखडा काढते ते कठीण होय. ओरखडा पाहताना बोटाने पूड पुसून खाच पडली आहे किंवा नाही हे पाहावे. पुष्कळदा मऊ वस्तूचीच पूड कठीण वस्तूवर लागते व ती खाचेसारखी भासते.

पाटन व भंग : हातोडीचा ठोका दिला असता काही खनिजे ठराविक सपाट पातळ्यांवर फुटतात, यास पाटन म्हणतात. कॅल्साइटाचे तुकडे तिरप्या चौकटीच्या आकाराचे होतात, अभ्रकाचे पापुद्रे सुटतात. गारगोटीस पाटन नसते. ती काचेच्या जाड तुकड्याप्रमाणे वाकड्या, शिंपल्यासारख्या पृष्ठभागाने फुटते. खडा फोडताना डोळ्यांचे रक्षण करावे व लहान मुलांस दूर ठेवावे.

जडपणा : सारख्या आकाराचे दोन खडे दोन हातांत घेऊन तुलना करावी. गारगोटी पाण्याच्या सुमारे २.६५ पट जड असते, जिप्सम सुमारे २.३ पट, तर हेमॅटाइट पाच पटींहूनही जड असते. लोह व मँगॅनिज यांची खनिजे हातात घेताच जाणवतात.

आम्लाची कसोटी : चुनखडी व कॅल्साइट यांवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब पडताच फसफसून बुडबुडे येतात, कारण त्यांतील कार्बोनेटापासून कार्बन डाय-ऑक्साइड वायू सुटतो. डोलोमाइटाचा अखंड खडा फारसा फसफसत नाही. त्याची पूड केल्यास फसफसते. आम्ल जवळ नसल्यास खड्याची बारीक पूड करून तीवर ताज्या लिंबाचा रस पिळावा. चुनखडी असल्यास बारीक बुडबुडे दिसतात. आम्ल सौम्य करावयाचे असता आम्ल सावकाश पाण्यात ओतावे. पाणी आम्लात कधीही ओतू नये. आम्ल काचेच्या बाटलीत, नाव लिहून, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे.

उष्णतेची कसोटी : जिप्समाची लहानशी कपची लोखंडी तव्यावर तापविली असता तिच्यातील पाणी निघून जाते, चमक नाहीशी होते व ती पांढरी भुसभुशीत होते. चुनखडीस चुन्याच्या भट्टीइतका जाळ मिळाल्याशिवाय काही होत नाही. झिओलाइटांतही पाणी असते. तीव्र ज्योतीत त्यांतील काही फुगून उकळल्यासारखी दिसतात. त्यावरूनच क्रोनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५६ मध्ये त्यांना उकळणारा दगड या अर्थाचे नाव दिले. गारगोटी मात्र तापवू नये. ती तडकून तिच्या कपच्या उडण्याचा संभव असतो.

पांढऱ्या पदार्थांचा निवाडा

वरील कसोट्या एकत्र केल्या म्हणजे शेतातील पांढऱ्या पदार्थांचा निवाडा पुढीलप्रमाणे करता येतो.

गारगोटी : नख व चाकू चालत नाही; काचेवर ओरखडा निघतो; आम्लाने काही होत नाही.

चुनखडी व कॅल्साइट : नख चालत नाही, चाकू चालतो, आम्लाने जोराने फसफसते, पाण्यात विरघळत नाही.

जिप्सम : नखाने ओरखडा पडतो, आम्लाने फसफसत नाही, तव्यावर पाणी सोडते, पाण्यात अत्यल्प विरघळते.

झिओलाइट : चाकूने ओरखडा पडतो, आम्लाने फसफसत नाही, पापुद्रे, सुया किंवा पंख्यासारखे स्फटिक असतात व ते खडकाच्या पोकळीत वाढलेले दिसतात.

जमिनीवरील पांढरा थर : चिमूटभर थर स्वच्छ पाण्यात ढवळावा. बहुतांश विरघळला तर ती क्षारांची पापडी समजावी; तळाशी पांढरा साका राहून तो आम्लाने फसफसला तर तो चुना समजावा. येथे पाण्याची कसोटी प्रथम करणे अवश्य आहे, कारण सोड्याचे कार्बोनेटही आम्लाने फसफसते, पण ते पाण्यात विरघळते.

चोपण जमिनीत चुनखडी की जिप्सम?

नीरा, प्रवरा, कृष्णा या नद्यांच्या कालव्यांखालील काही भारी जमिनी अतिपाण्याने व निचऱ्याच्या अभावी खारवट व चोपण झाल्या आहेत. केवळ क्षार साठलेली खारवट जमीन चांगला निचरा करून व क्षार धुऊन काढून सुधारते; तिला जिप्समाची गरज नसते. चोपण जमिनीचा दोष निराळा आहे. तिच्यातील चिकणकणांना सोडियम चिकटलेले असते. त्यामुळे कण एकमेकांपासून सुटतात, पाणी मुरत नाही, ओली असता जमीन रबडी होते व वाळली असता दगडासारखी होते.

या सोडियमास हुसकावून त्याच्या जागी कॅल्शियम बसविणे हाच उपाय होय. कॅल्शियम चुनखडीतही आहे व जिप्समातही आहे. मग फरक कोठे पडतो? चुनखडी अशा विम्लधर्मी जमिनीत विरघळत नाही, म्हणून तिचे कॅल्शियम अडकून राहते. जिप्सम थोडेसे का होईना विरघळते. त्यातील कॅल्शियम कणांना चिकटते व सुटलेले सोडियम सल्फेटाच्या रूपाने पाण्यात उतरते. ते पाणी चरांवाटे शेताबाहेर गेले तरच सुधारणा पुरी होते. चर न काढता जिप्सम टाकणे म्हणजे धान्य पाखडून कोंडा सुपातच ठेवण्यासारखे आहे.

जिप्समाची मात्रा माती तपासणीच्या अहवालावरून ठरवावी. पावसाळ्यापूर्वी ते वरच्या १५ ते २० सेंटीमीटर थरात मिसळावे, बांध घालून पाणी मुरू द्यावे व नंतर धैंच्यासारखे हिरवळीचे पीक घेऊन गाडावे. ज्या चोपण जमिनीत चुनखडी मुळातच भरपूर आहे, तेथे गंधक वापरता येते. जमिनीतील सूक्ष्म जीव गंधकापासून आम्ल तयार करतात, ते आम्ल चुनखडीशी संयोग पावते व शेतातच जिप्सम तयार होते. मात्र जमिनीत चुनखडी आहे की नाही, हे आधी आम्लाच्या कसोटीने पाहिले पाहिजे.

खरेदी केलेल्या जिप्समाची गोणी उघडताच चिमूटभर पूड वेगळी काढून तीवर आम्ल किंवा लिंबाचा रस टाकावा. थोडेसे बुडबुडे येणे संभवनीय आहे, कारण नैसर्गिक जिप्समात चुन्याचा अंश असू शकतो. परंतु पूड जोराने फसफसली तर मालात चुनखडी फार आहे असे समजावे व तो शेतात पसरण्यापूर्वी प्रयोगशाळेत नमुना पाठवावा. पावती व गोणीवरील चिठ्ठी जपून ठेवावी.

कोकणातील आंबट जमिनीचा प्रश्न याच्या अगदी उलट आहे. तेथे जमिनीचा आंबटपणा कमी करावयाचा असतो. चुनखडीची किंवा डोलोमाइटाची बारीक पूड, तसेच शिंपल्यांचा चुना, हे काम करतो. जिप्समाने आंबटपणा जात नाही. अशा प्रकारे घाटावर जे औषध निरुपयोगी ते कोकणात गुणकारी, व घाटावर जे गुणकारी ते कोकणात या कामी निरुपयोगी ठरते.

फळबागेपूर्वी चुनखडीची तपासणी

संत्रा व मोसंबी ही झाडे एकदा लावली की अनेक वर्षे त्याच जागी राहतात. जमिनीची निवड चुकली तर एका हंगामाचे नव्हे, तर कित्येक वर्षांच्या श्रमाचे व भांडवलाचे नुकसान होते. ज्या जमिनीत मुक्त चुनखडीचे प्रमाण १० टक्क्यांपेक्षा अधिक आहे, तेथे ही फळझाडे लावू नयेत, अशी कृषितज्ज्ञांची शिफारस आहे.

चुनखडीचा अपाय कसा होतो हे समजून घ्यावे. काळ्या पाषाणात शेकडा दहा भागांहून अधिक लोहाची ऑक्साइडे असतात. तेव्हा जमिनीत लोहाचा तुटवडा नसतो. परंतु चुनखडीमुळे जमीन विम्लधर्मी राहते व लोह अविद्राव्य रूपात जाते. भरल्या कोठाराला कुलूप लागावे तशी झाडाची स्थिती होते. कोवळी पाने पिवळी पडतात, त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, शेंडे वाळू लागतात व बहार कमी होतो. कलम लहान असताना हे लक्षण पुष्कळदा दिसत नाही, कारण मुळे वरच्या थरातच असतात. ती खालच्या चुनखडीच्या थरास भिडली की झाड खालावू लागते.

म्हणून केवळ वरची माती तपासून भागत नाही. लागवडीपूर्वी शेतात दोन-तीन ठिकाणी एक मीटर खोलीचे खड्डे घ्यावेत. खड्ड्याची एक बाजू सरळ तासून तीवर वरपासून खालपर्यंत आम्लाचे थेंब टाकीत जावे. जेथे फसफस वाढते तेथून चुनखडीचा थर सुरू होतो असे समजावे. नंतर दर ३० सेंटीमीटर थराचा नमुना निराळ्या पिशवीत भरून मृद्‌परीक्षण प्रयोगशाळेकडे पाठवावा व मुक्त चुनखडीचे प्रमाण मागवावे. फसफस किती जोराची यावरून अंदाज येतो. टक्केवारी प्रयोगशाळाच सांगू शकते. अहवाल प्रतिकूल आल्यास तेथे कापूस, ज्वारी, तूर, हरभरा यांसारखी पिके घ्यावीत व बागेसाठी दुसरी जागा पाहावी.

विहिरीत निघणारे स्फटिक

बेसाल्टाच्या पोकळ्यांतील झिओलाइट व त्यांच्या सोबतची खनिजे यांसाठी महाराष्ट्र जगप्रसिद्ध आहे. पुणे, नाशिक, जळगाव, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील विहिरी व दगडखाणींतून निघालेले नमुने देशोदेशींच्या संग्रहालयांत ठेवलेले आहेत. पुण्याजवळील वाघोलीच्या खाणींतून निघालेले कॅव्हन्साइट हे निळे खनिज त्यांपैकी विशेष नावाजलेले आहे. हेच खनिज अमेरिकेतील ऑरेगन राज्यात १९६७ मध्ये प्रथम आढळले होते.

अशा स्फटिकांचे मोल त्यांच्या अखंडतेत असते. घणाने फोडलेला तुकडा मातीमोल होतो. विहिरीत सुबक स्फटिकांची पोकळी आढळल्यास ते न फोडता, मऊ कापडात किंवा भुशात ठेवावेत, ते कोठे व किती खोलीवर मिळाले हे लिहून ठेवावे आणि जवळच्या महाविद्यालयातील भूशास्त्र विभागास दाखवावेत. सुरुंग लावलेल्या विहिरीच्या कपारीत स्फटिकांसाठी हात घालणे किंवा सैल दगडाखाली उतरणे जिवावर बेतू शकते. ते सर्वथा टाळावे. दगड, मुरूम, वाळू किंवा अन्य खनिज विक्रीसाठी काढण्यास सरकारी परवानगी लागते, याबद्दल तहसील कार्यालयात आधी चौकशी करावी.

ग्रामकार्यकर्त्यांसाठी सूचना

प्रत्येक ग्रामकार्यकर्त्याने आपल्या गावातील खनिजांचा लहानसा संग्रह करावा. एका लाकडी पेटीत कप्पे पाडून त्यांत काळा पाषाण, पांढरे ठिपके असलेला पाषाण, मुरूम, चुनखडी, गारगोटी, जिप्सम व स्थानिक मातीचे दोन-तीन नमुने ठेवावेत. प्रत्येकास क्रमांक देऊन गट क्रमांक, खोली व तारीख लिहावी. शाळेतील विद्यार्थ्यांची मदत घेतल्यास हे काम सुलभ होते.

ग्रामसभेच्या वेळी किंवा सायंकाळी चावडीवर प्रात्यक्षिक करून दाखवावे. तीन बशांत चुनखडी, जिप्सम व गारगोटी यांची पूड नाव न लिहिता ठेवावी व शेतकऱ्यांस ओळखण्यास सांगावे. नंतर तिन्हींवर लिंबाचा रस पिळावा. एकच बशी फसफसलेली पाहिल्यावर केवळ पांढऱ्या रंगावरून केलेली निवड किती धोक्याची असते, हे वेगळे सांगावे लागत नाही. उरलेल्या दोन बशांतील पूड काचेवर घासून गारगोटी ओळखून दाखवावी. तिचे ओरखडे काचेवर उठतात, जिप्समाचे उठत नाहीत.

स्वाध्याय

१. खनिज व खडक यांतील भेद गावातील उदाहरणांनी सांगा.

२. काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे का सापडतात व कोकणातील तांबड्या जमिनीत ते सहसा का सापडत नाहीत?

३. एका शेतात पांढरी पापडी आली आहे. ती क्षाराची आहे की चुन्याची, हे कोणत्या क्रमाने तपासाल?

४. चोपण जमिनीत चुनखडी का लागू पडत नाही? त्याच जमिनीत गंधक कोणत्या स्थितीत उपयोगी पडते?

५. आपल्या गावातील एका शेतात एक मीटर खोलीचा खड्डा घेऊन चुनखडीचा थर कोठून सुरू होतो याची नोंद करा व ती शेतमालकास वाचून दाखवा.